नसलेल्या लांडग्याला वळसा

१

हेमलॉक बे कॉलेजच्या आइस हॉकीचा पंचाहत्तरावा हंगाम हाच शेवटचा ठरला होता, आणि शेवटचा सामना शनिवारी होता. आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सात वाजता मी रिंकचं दार उघडून आत आले, तर समोरचं काचेचं कपाट रिकामं.

रिकामं म्हणजे बाकी सगळं जागेवर होतं. जुने फोटो, फाटके हातमोजे, कुणाचा तरी तुटका दात. फक्त मधल्या फळीवरचा पक गेला होता. काळ्या रबराची, तळहातात मावेल एवढी चकती. सत्त्याहत्तर साली अजिंक्यपदाचा शेवटचा गोल या पकनं झाला, आणि तेव्हापासून गावातली माणसं त्याच्यासमोर टोपी काढून उभी राहतात. काच फुटलेली नव्हती. कुलूप किल्लीनं उघडलं होतं.

त्या कपाटाची एक किल्ली माझ्या खोलीत खिळ्याला लटकलेली असते, दुसरी जुन्या खेळाडूंच्या संघटनेकडे. मी मार्लिस हाकाला, वय सदुसष्ट. मुलांच्या स्केटना धार लावते, कपडे धुते, फाटलेलं शिवते. अठ्ठेचाळीस वर्षं हेच करते आहे. पोरं मला मा म्हणतात.

आठ वाजता क्रीडासंचालक ऑल्डन आले. त्यांनी रखवालदाराला बरोबर घेऊन ड्रेसिंग रूममधले सगळे खण उपसायला लावले. नवव्या खणात, खांद्याच्या पॅडखाली, मोज्यात गुंडाळलेला पक सापडला. तो खण रीड पेल्टियरचा. रीड आमचा कप्तान, सरोवरापलीकडच्या थंडर बे गावचा, तिसऱ्या वर्षाचा मुलगा.

"मिसेस हाकाला, तुमच्या खोलीत रोज कोण येऊन बसतं?" ऑल्डननी विचारलं.

"पोरं येतात. त्यांना मीच येऊ देते."

"रीड?"

"रीडही येतो."

"आणि किल्ली तिथेच, उघड्यावर." त्यांनी मान हलवली. "आज पाच वाजता व्हरमाँटच्या प्रशिक्षकांचा मला फोन आहे. रीडला ते पुढच्या वर्षी त्यांच्या टीममध्ये घेणार होते. पोरगा कसा आहे, असं ते विचारतील. मला खोटं बोलता येणार नाही."

खोटं बोलता येणार नाही म्हणे. हा माणूस ऑक्टोबरमध्ये मुलांना एका ओळीत बसवून, टीम बंद होतेय हे सांगताना, 'तुमच्या भल्यासाठीच' असं म्हणाला होता. पण त्यावर भांडायला वेळ नव्हता. हॉकीचं जग लहान असतं. एका प्रशिक्षकानं 'चोर' म्हटलं की दुसरा त्या मुलाचं नावही वाचत नाही. रीडकडे खेळण्याचं एकच वर्ष उरलं होतं, आणि ते वाचवायला माझ्याकडे नऊ तास होते.

२

रीड माझ्या खोलीत धारेच्या यंत्राशेजारी बसला होता. त्याच्या पुढ्यात मी मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी ठेवली होती. तिला त्यानं हातही लावला नव्हता.

"मा, मी नाही घेतला."

"ते मला माहीत आहे. मूर्खासारखे खुलासे देत बसू नकोस. तुझ्यावर कुणाचा राग आहे ते सांग."

पाकिटातून चौघडी केलेला कागद काढून त्यानं माझ्या हातात ठेवला. विश्वस्तांच्या बैठकीच्या इतिवृत्ताचं एक पान होतं, कॉलेजच्या जुन्या फायली चाळताना त्याला सापडलेलं. तारीख तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली. खाली दोनच ओळी: पंचाहत्तराव्या हंगामानंतर हॉकीची टीम बंद करावी. ठराव एकमताने मंजूर.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"मार्चमध्ये?" मी म्हणाले. "आणि तुला इथे बोलावलं कधी?"

"त्याच एप्रिलमध्ये. रॉय हाल्वरसन आमच्या घरी आले होते. स्वयंपाकघरात बसून आईच्या हातचा ॲपल-पाय खाल्ला, दोनदा मागून घेतला. म्हणाले, चार वर्षं, बाई, चार वर्षं तुमचा मुलगा आमच्याकडे सांभाळू."

रॉय म्हणजे सत्त्याहत्तरचा कप्तान. तो गोल त्याचाच. आता जुन्या खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष आणि कॉलेजचा विश्वस्त. माझा नवरा आर्नी आणि तो एकाच फळीत खेळायचे. आर्नी गेला तेव्हा शवपेटीचा पुढचा कोपरा रॉयच्या खांद्यावर होता, आणि माझ्या मुलीचा तो धर्मपिता आहे. ऑक्टोबरपासून तो गावभर सांगत होता, मी विरोधात मत दिलं, पण माझं कोण ऐकतंय.

"हा कागद तू कुणाकुणाला दाखवलास?"

"दोघांना. उद्याच्या समारंभात कप्तान म्हणून मी बोलणार आहे. तिथे हा वाचायचा होता. पाठीमागून वार करायला बरं वाटेना, म्हणून ऑल्डन सरांना आधीच सांगितलं. आणि रॉयना दाखवला, कारण ते आमच्या बाजूचे."

"रॉय काय म्हणाला?"

"'वाच पोरा,' म्हणाले. 'मी तुझ्या शेजारी उभा राहीन.'"

मी कागद घडी करून ऍप्रनच्या खिशात टाकला. चोराच्या तोंडून तो कुणी ऐकून घेणार नव्हतं, इतकं मला कळलं. ज्यानं कुणी हे केलं त्याला पक नकोच होता.

३

मी ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि दारातच थांबले.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, पोरं गेल्यावर, मी तो निळा गालिचा झाडून काढला होता. आता त्यावर वाळलेल्या मिठाचे पांढरे ठसे होते. आमच्याकडे फेब्रुवारीत अंगणातला बर्फ वितळायला पहाटे मीठ टाकतात. त्यातून चालत आलेल्या माणसाचे ठसे वाळले की पांढरे पडतात, लपत नाहीत. ऑल्डन आणि रखवालदार आतल्या बोळातून आले होते, त्यांचे पाय कोरडे होते. म्हणजे हे ठसे त्यांच्या आधीचे.

ठसे दारातून आत आले होते. तीन पावलांवर ते डावीकडे वळले होते, एक मोठी गोलाई घेऊन पुन्हा सरळ झाले होते, आणि खोलीच्या टोकाला नवव्या खणापर्यंत गेले होते. परतताना तशीच गोलाई. दाराजवळ तिथे मळक्या कपड्यांची गाडी उभी असेल, असं मी मनाशी म्हटलं.

तळवा सपाट, गुळगुळीत. चामड्याचे शहरी बूट. रीड आणि बाकीची पोरं हिवाळाभर खाचांच्या रबरी तळव्याचे बूट घालतात. पण मला जागीच खिळवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं.

खोलीच्या टोकाला, फळ्यासमोर, गालिच्यात टीमचं चिन्ह विणलेलं आहे. लांडग्याचं मुंडकं, हातभर रुंद. त्यावर पाय द्यायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडला तर माफी नाही. मागच्या वर्षी एका नव्या पोराचा चुकून अंगठा लागला, तर रीडनं त्याला दात घासायच्या ब्रशनं अख्खा लांडगा घासायला लावला होता.

आणि हे पांढरे ठसे लांडग्याच्या नाकावरून सरळ गेले होते. जाताना एकदा, येताना एकदा.

"सरक गं मार्लिस." मागून युजीन लाम्पी आला. हा आमचा बर्फवाला. मोठं यंत्र फिरवून रिंकचा बर्फ गुळगुळीत करतो, आणि चाळीस वर्षांत एकदाही वेळेवर गप्प बसलेला नाही. त्याच्या हातात गालिचा धुवायचं यंत्र होतं. "ऑल्डन सायबाचा हुकूम आहे. उद्या पाहुणे येणार, हे पांढरं काढ म्हणाले."

"एक थेंब पाणी टाकशील तर मी तुझे पाय धारेच्या यंत्रात घालीन."

"अगं, माझी नोकरी जाईल."

"ती सोमवारी जातेच आहे, युजीन. टीमच नाही तर बर्फ कुणासाठी करणार?"

तो खाली बसला. त्याच्या बुटांना बर्फावर घसरू नये म्हणून काटे लावलेले असतात, ते गालिच्यात रुतले. त्याच्या पावलाखाली भोकांची नक्षी उमटते. पांढऱ्या ठशांत एकही भोक नव्हतं.

"पहाटे कुणी आलं होतं?"

"मी पाचला मीठ टाकलं आणि यंत्रावर बसलो. यंत्र चालू असलं की मला माझी बायकोही ऐकू येत नाही. तेवढंच सुख आहे." मग त्यानं लांडग्याकडे बोट केलं. "पण यावर पाय देणारा माणूस इथे एकच आहे. सायेब. त्यावर उभं राहूनच भाषण ठोकतात. पोरं दातओठ खातात, सायबांना पत्ताच नसतो."

ते खरं होतं. आणि ऑल्डनचे बूट चामड्याचे, गुळगुळीत तळव्याचे. कागदाबद्दलही त्यांना माहीत होतं. मी सरळ त्यांच्या खोलीकडे निघाले, पण ते बाहेर गेले होते आणि दोननंतरच परतले.

४

"तुम्ही माझ्यावर आरोप करताय?" ऑल्डननी खुर्चीतून न उठता विचारलं.

"विचारतेय. रीडनं उद्या तो कागद वाचू नये, असं तुम्हाला वाटत होतं की नाही?"

"अर्थात वाटत होतं." त्यांनी टेबलावरचा छापील कार्यक्रम माझ्याकडे सरकवला. "बघा. कप्तानाचं भाषण कुठे दिसतं?"

नव्हतं. पाहुण्यांचं स्वागत, रॉय हाल्वरसन यांच्या हस्ते मैदानाच्या मध्यावर मानाचा पक टाकणं, राष्ट्रगीत, सामना. बस.

"हे मंगळवारीच छापून आलं. ध्वनिक्षेपक माझ्या ताब्यात आहे. एका पोराला गप्प बसवायला मला पहाटे उठून चोरी करायची काय गरज?"

निर्लज्ज उत्तर होतं, पण खोटं नव्हतं. ज्याला दार बंद करता येतं तो खिडकीतून कशाला चढेल.

"आणि रीडनं समारंभाबाहेर, गावात कुणाला कागद दाखवला असता तर?"

"तर लोक विश्वस्तांवर चिडले असते. मी विश्वस्त नाही. मी पगारी माणूस." त्यांनी घड्याळ पाहिलं. "अडीच वाजले, मिसेस हाकाला. पाच वाजता मला काहीतरी सांगावं लागेल."

मी हात हलवत परत आले. कपड्यांची गाडी धुण्याच्या खोलीत उभी दिसली. पोरांचे घामट कपडे ड्रेसिंग रूममध्ये पडून असतील म्हणून ती ढकलायला मी हात लावला. आणि मग आठवलं, गुरुवारी झाडताना गाडी मीच इथे आणून ठेवली होती. ती रात्रभर इथेच होती. मग दाराजवळ काय होतं, ज्याला चोरानं वळसा घातला?

गाडी तिथेच सोडून, विचार करतच मी ड्रेसिंग रूमचं दार ढकललं, तीन पावलं टाकली आणि डावीकडे वळले.

मी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. माझे पाय पांढऱ्या ठशांवर होते. समोर रिकामा निळा गालिचा होता, आणि मी त्याला वळसा घालून चालले होते.

मी बाकावर बसले. सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वी ही खोली मोठी केली, भिंत पाडली, गालिचा घातला आणि नवा लांडगा टोकाला नेला. त्याआधी इथे काळं रबर होतं. आणि लांडगा होता तो इथे, दारापासून तीन पावलांवर, पांढऱ्या रंगात काढलेला. मला त्याची जागा कुणी सांगायला नको. मुलींना तेव्हा टीम नव्हती. मला स्केटिंग इथल्या निम्म्या पोरांपेक्षा चांगलं यायचं, पण हॉकीजवळ राहायचं तर एकच वाट होती, दर रविवारी गुडघ्यांवर बसून तो लांडगा घासायचा. वीस वर्षं घासला.

पहाटेच्या अंधारात दिवा न लावता कुणीतरी आलं होतं. अंधारात डोळे चालत नाहीत, पाय चालतात. त्या पायांनी आत्ताचा लांडगा तुडवला आणि नसलेल्या लांडग्याला मान दिला. ऑल्डन इथे येऊन नऊ वर्षं झाली, त्यांच्या पायांना ती जागा माहीत नाही. युजीनच्या पायांना असेल, पण त्याचे बूट काटेरी. उरला गुळगुळीत बुटांचा, जुना, आणि रीडचा कागद पाहिलेला माणूस.

मी ऍप्रनमधला कागद पुन्हा काढला. सकाळी मी तारीख वाचली होती. शेवटचा शब्द डोळ्यांखालून गेला होता, मनात शिरला नव्हता. एकमताने.

मला रडू आलं. आर्नीच्या शवपेटीचा तो पुढचा कोपरा डोळ्यांसमोर आला, आणि त्याबद्दल मानलेले आभार परत मागावेसे वाटले.

५

रॉय साडेचार वाजून गेल्यावर आला. मी त्याला फोनवर एवढंच म्हटलं होतं की उद्याच्या समारंभाआधी ड्रेसिंग रूममध्ये जरा भेट. ऑल्डनना मी पट्ट्या-मलमाच्या आतल्या खोलीत दार उघडं ठेवून उभं केलं होतं. ते नाखूश होते, पण आले होते.

गालिचा मी स्वतः व्हिनेगरनं पुसून स्वच्छ केला होता. त्याआधी युजीननं ठशांचे फोटो काढून ठेवले होते. सगळे दिवे लावले होते.

"काय गं मार्लिस, इतकी घाई?" रॉय दारातून हसत आला. सत्तरी झाली तरी खांदे तसेच. मी नवव्या खणाशी उभी होते.

"इकडे ये. रीडचा खण दाखवते."

त्यानं तीन पावलं टाकली, डावीकडे वळला, गोलाई घेतली आणि सरळ आला. भरदिवसा, लख्ख उजेडात. फक्त या वेळी त्यानं नव्या लांडग्यालाही वळसा घातला, कारण तो दिसत होता.

"रॉय, तू आत्ता कशाला वळलास?"

"कुठे?"

"दारापाशी. तिथे काय आहे?"

त्यानं मागे वळून रिकाम्या गालिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

मी युजीनच्या फोनमधले फोटो त्याच्यापुढे धरले. "पहाटेही वळलास. आणि खरा लांडगा तुडवलास."

"मिठाचे डाग," तो म्हणाला. "मिठाच्या डागांवर कोण विश्वास ठेवणार?"

"आणि हा?" मी कागद उलगडला. "तू विरोधात मत दिलंस ना? गावभर सांगितलंस. ठराव एकमताने झालाय, रॉय. पोराचं लक्ष तारखेवर होतं. पण उद्या हा वाचला असता तर एखाद्या म्हाताऱ्यानं तरी हा शब्द ऐकला असता."

तो बाकावर बसला. त्यानं बुटांकडे पाहिलं.

"मांडला मीच," तो हळू म्हणाला. "कुणीतरी मांडायचाच होता. मी म्हटलं, निदान पंचाहत्तर पूर्ण होऊ द्या. त्यांनी तेवढं दिलं."

"आणि मग एप्रिलमध्ये रीडच्या आईच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलास."

"मग काय करू? खरं सांगितलं असतं तर एक धड पोरगा आला नसता. शेवटचे तीन हंगाम दहा-दहा गोलांनी हरलो असतो. आमच्या नावाची शोभा झाली असती. आर्नीच्यासुद्धा."

"आर्नीचं नाव तोंडात घेऊ नकोस."

"त्या पोरांना तीन वर्षं खेळायला मिळालं की."

"चार सांगितली होतीस. आणि चौथं मिळत होतं, तेही तू काढून घेत होतास. तेवीस वर्षांच्या पोराला चोर करून."

"त्याला दुसरीकडे कुठेतरी..." त्यालाच ते पटलं नसावं. मग म्हणाला, "माझा फोटो आहे गं त्या कपाटात. नातू रोज बघतो."

ऑल्डन आतून बाहेर आले. पाचला दहा कमी होते. त्यांनी रॉयकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फोनकडे. मला वाटलं, आता तरी हा माणूस एक वाक्य सरळ बोलेल.

"रीडबद्दल मी चांगलंच सांगेन," ते म्हणाले. "पण हे सगळं इथेच राहिलं पाहिजे."

६

व्हरमाँटला फोन झाला. पोरगा चांगला आहे, ऑल्डन म्हणाले. त्याआधी त्यांनी रीडकडून एका कागदावर सही घेतली. पक, खण आणि विश्वस्तांची बैठक यांबद्दल तो कुठे बोलणार नाही. इतिवृत्ताचं पानही परत घेतलं. रॉयनंही सही केली. रीडनं माझ्याकडे पाहिलं.

"कर," मी म्हणाले. "तुला खेळायचंय."

"पण मा, हे बरोबर नाही."

"नाहीच. कर."

शनिवारी रिंकमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. जी माणसं दहा वर्षांत सामन्याला आली नव्हती ती रडायला आली होती. मैदानाच्या मध्यावर लाल गालिचा अंथरला. रॉय हळूहळू चालत गेला, हातात तोच सत्त्याहत्तरचा पक. लोक उभे राहिले. कप्तान म्हणून समोर रीडला वाकावं लागलं. रॉयनं पक टाकला, रीडनं तो काठीनं मागे ओढला, उचलून त्याच्या हातात दिला, जसं करतात तसं. रॉयनं हात पुढे केला. रीडनं हातमोजा न काढता तो धरला. आमच्यात याहून मोठी शिवी नाही, पण लोकांना ते दिसलं नाही. ते टाळ्या वाजवत होते.

सामना आम्ही चार-एकनं हरलो.

पोरं गेल्यावर मी ड्रेसिंग रूम झाडली. सवयीनं. दारापासून तीन पावलांवर थांबले आणि या वेळी वळले नाही. त्या रिकाम्या जागेवर दोन्ही पाय ठेवून उभी राहिले. वीस वर्षं गुडघ्यांवर बसले होते, उभी कधी राहिले नव्हते.

सोमवारी किल्ल्या परत द्यायला गेले तेव्हा ऑल्डन म्हणाले, सगळं नीट मिटलं, मिसेस हाकाला, तुमचे आभार. टेबलावर त्यांच्या फायलीत दोन सह्यांचे दोन कागद होते. रीडचा आणि रॉयचा. मी तिसरा शोधला. नव्हता. धुणं धुणाऱ्या बाईची सही घ्यावी, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तारीख, ठराव आणि 'एकमताने' हा शब्द मला पाठ आहे. युजीनच्या फोनमध्ये फोटो आहेत. हे सगळं मी दोन प्रतींत लिहिलं. एक गावच्या वर्तमानपत्राला दिली. दुसरी थंडर बेला, त्या स्वयंपाकघरात, रीडच्या आईच्या नावानं टपालात टाकली.